सहा नंबरची पुडी

१५ ऑगस्ट २००४, रविवार. संध्याकाळ.

आजपासून सगळे लिहून ठेवणार. सुदर्शनने ऑफिसातली उरलेली डायरी आणून दिली तेव्हा म्हणाला होता, बाबा, औषधांच्या वेळा लिहा. औषधांच्या वेळा लक्षात राहतात. माणसांच्या लबाड्या राहत नाहीत. म्हणून ही वही. कोणाला दाखवायची नाही. पुरावा म्हणून ठेवायची.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. सरपंच जयवंतीबाईंनी सांगितले की मोखाडा रस्त्यावरची बंद रंग फॅक्टरी ठाण्याच्या एका संस्थेने घेतली आहे. शेड पाडणार, मुलींचे वसतिगृह बांधणार. साठ मुली, पहिलीपासून. पुढच्या जूनला सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. दोघातिघांनी बघितले.

त्या फॅक्टरीचे जे मला माहीत आहे ते कोणाला माहीत नाही. आठ वर्षे मी तिथे वॉचमन होतो. पिवळा रंग बनायचा. संध्याकाळी कामगार घरी निघाले की सगळे हळद लावलेल्या नवरदेवासारखे दिसायचे. पंचाण्णव साली फॅक्टरी बंद पडली, पुढच्या साली आवराआवर करून मालक गेला, तरी खालच्या ओढ्याला पावसात अजून पिवळे पाणी येते. त्या जागेवर पोरी झोपवणार?

आणि त्या साठांत आमची टीना. माझी नात, सहा वर्षांची. सुदर्शन मोखाड्याला पंचायत समितीत क्लार्क, सून निशा जामसरच्या शाळेवर बाई. दोघे शनिवारी येतात, सोमवारी जातात. टीना आमच्याकडे असते. म्हणजे माझ्याकडे. टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ सुदर्शनने वाजवल्या.

मी उठून बोलणार होतो की जमीन तपासल्याशिवाय एक वीट लावू देणार नाही. उठलो, टोपी नीट केली, तेवढ्यात जयवंतीबाई म्हणाल्या, जमीन तपासल्याशिवाय एक वीट लावू देणार नाही. माझ्या मनातले तिला कसे कळले? संशयास्पद.

ठरवले: वसतिगृह होऊ द्यायचे नाही. टीना इथेच राहणार. तंबाखू बंद. रोज लिहायचे.

२४ ऑगस्ट, मंगळवार.

नऊ दिवस लिहिले नाही. पाऊस होता. पावसात पुरावा ओला होतो.

तंबाखू बंद केली होती. परवा चालू केली, कारण विचार करावा लागतो आहे.

आज ‘जमीन बचाव समिती’ स्थापन झाली. मीटिंग आमच्या ओसरीवर. हजर: मी, शेजारचा बुध्या, धोंडीबाई. धोंडीबाई माझी घरची. ती भांडी घासत होती, पण हजर होती. अध्यक्ष म्हणून माझी बिनविरोध निवड झाली. बुध्या मजुरीवर जातो, फॅक्टरीत हमाल होता, त्याला समितीतले काही कळत नाही. म्हणाला, दादा, अध्यक्ष झालास, आथा चहा तरी पाज. धोंडीबाई म्हणाली, दूध नाय. मीटिंग तहकूब.

३ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी तीन.

संस्थेचा माणूस आला. नाव करण. वय पंचविशीचे, बूट घातलेले, सगळ्यांशी हसून बोलतो. हसून बोलणाऱ्याचे काहीतरी काम असते. पाण्याची बाटली स्वतःची आणली होती. आमचे पाणी पीत नाही म्हणजे त्याला पाण्यात काय आहे ते आधीच माहीत आहे. हे मी बुध्याच्या कानात सांगत होतो, तर करणने धोंडीबाईकडे पाणी मागितले आणि दोन तांबे प्यायला. मुद्दाम.

मग आमचे खळे बघून उभा राहिला. खळ्याविषयी इथे लिहून ठेवतो. पाड्यातली पाच घरे भात आणि नागली आमच्या खळ्यावर झोडतात. दुसऱ्यांची खळी दरवर्षी खरडावी लागतात, पाणी मारून चोपावी लागतात, तरी दिवाळीपर्यंत गवत वर येतेच. मुंग्या दाणे उचलून नेतात, उंदीर कडेला बिळे करतात. आमच्या खळ्यावर आठ वर्षांत गवताची काडी नाही. मुंगी नाही. उंदीर कडेला येतो आणि वळून जातो. नुसते शेणाने सारवायचे की झाले. पोशेऱ्याहून लोक बघायला आले होते. टीना दिवसभर तिथेच असते, बोटाने चित्रे काढते, इतके गुळगुळीत.

करण वाकून बघत होता. विचारले, बाबा, पावसाळा आहे आणि इथे काहीच कसे उगवले नाही? मी सांगितले, कष्ट. त्याने वहीत काहीतरी लिहिले.

आमच्या जागेवर डोळा दिसतो. टीनाला घरात घेतले आणि कडी लावली.

१० सप्टेंबर, शुक्रवार.

मातीचे सॅम्पल घेतले. पाड्यातले वीसेक जण जमले होते. जयवंतीबाई म्हणाल्या, गावाच्या बाजूने एक साक्षीदार पाहिजे, जागा ओळखणारा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी नको म्हणणार होतो पण पुढे होऊन उभा राहिलो होतो.

करणने फॅक्टरीच्या आवारात सहा ठिकाणी खणले. सहा प्लास्टिकच्या पुड्या, प्रत्येकीवर नंबर. तोंडावर कागदाची पट्टी, पट्टीवर त्याची सही आणि माझी सही. सगळ्या एका पेटीत ठेवल्या. सहा नंबर म्हणजे जिथे वसतिगृहाचे स्वयंपाकघर येणार ती जागा. मी विचारले, या पुड्या ठाण्याला लॅबमध्येच जाणार कशावरून? वाटेत बदलल्या तर? करण हसला. लिहून ठेवतो: हसला.

बुध्या मागून ओरडला, दादा, तू पेटीत बसून जा ठाण्याला, जागा होईल. लोक हसले. समितीचा सदस्य आहे हा.

घाटात दरड आली म्हणून जीप उद्या. जयवंतीबाई म्हणाल्या, पेटी आजच्या दिवस साक्षीदाराच्या घरी ठेवा. चला. कोणीतरी विश्वास ठेवला.

११ सप्टेंबर, शनिवार. सकाळी नऊ.

पेटी समोर आहे. बघत बसलो आहे.

माझा हिशोब असा. लॅब संस्थेची माणसे ठरवणार. लॅब पुड्या न उघडता लिहून देणार की सगळे ठीक आहे. हे पकडायचे कसे? सहापैकी एका पुडीत अशी माती घालायची की जिची मला पक्की खात्री आहे. मग रिपोर्टात सहाही पुड्या सारख्याच आल्या तर लॅब खोटी. भर सभेत सिद्ध. ही युक्ती शहरातल्या वकिलाला सुचली नसती.

सकाळी साडेनऊ.

शुद्ध माती कुठची, यावर विचार केला. शेतातली नको, युरिया टाकतो. ओढ्याची नकोच. आमच्या खळ्याची. तिच्याइतकी शुद्ध माती तालुक्यात नसेल. शहाण्णव साली मी आणि बुध्याने सहा गाड्या भरून आणली. ती फॅक्टरीच्या टाकीमागच्या ढिगातली होती हे खरे. मालक म्हणाला, लाडक्या, तू म्हणून देतो, लवकर उचल, आणि वर एक छत्री दिली. पण ढीग कोरडा होता. विष पातळ असते. शिवाय त्यानंतर आठ वर्षे शेणाने सारवली आहे, दरसाल सुगीला नारळ फोडला आहे, धान्याची रास घातली आहे. एवढे झाल्यावर मातीत काय राहते?

सहा नंबरची पट्टी वाफ दाखवून सोडवली. आतली माती पपईच्या बुंध्याशी ओतली. खळ्याचा कोपरा पहारीने फोडून माती भरली. पट्टी भाताच्या शिताने चिकटवली. पट्टीवर सही माझी, शीत माझे. यात फसवणूक कशी म्हणता येईल?

टीना बघत होती. विचारले, आजा काय करतो? सांगितले, कायद्याचे काम. तिने खळ्याच्या फोडलेल्या कोपऱ्यातून एक ढेकूळ घेतले आणि पिवळे पिवळे म्हणत ओसरीच्या भिंतीवर सूर्य काढला. चांगला काढला.

दुपारी जीप आली. पेटी गेली.

१९ सप्टेंबर, रविवार.

सुदर्शन-निशा आली होती. निशाने वसतिगृहाचा कागद दाखवला: पंखे, गरम पाणी, ग्रंथालय. म्हणाली, आबा, टीनाला अजून अक्षर ओळखता येत नाही, बालवाडीची बाई महिन्यातून चार दिवस येते, तुम्हीच सांगा मी काय करू. मी म्हणालो, त्या मातीत पोरगी मरेल. सुदर्शन म्हणाला, म्हणूनच तपासायला पाठवली ना. मी म्हणालो, लॅबचा काय भरवसा. तो म्हणाला, मग भरवसा ठेवायचा तरी कोणावर?

उत्तर होते. त्या वेळी आठवले नाही.

पपईवर लक्ष आहे. जोरात फुटली आहे. विषाने आधी झाड फोफावते, मग एकदम मरते. वाट बघतो.

२७ सप्टेंबर, सोमवार.

उपोषण. फॅक्टरीच्या गेटवर. बेमुदत. सकाळी आठला बसलो. बोर्ड कोळशाने लिहिला, ‘पोरी वाचवा’. दोन एस.टी. गेल्या. पहिलीतल्या लोकांनी हात केला. दुसरीच्या ड्रायव्हरला वाटले गाडी थांबवायची आहे, त्याने थांबवली, नाही म्हटल्यावर शिव्या दिल्या.

साडेदहाला दोन बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन आल्या, वांगणीकडच्या. बोर्ड वाचून दाखव म्हणाल्या. दाखवला. एक म्हणाली, बाबा, माझी पोर शाळेला सात किलोमीटर चालते, दोन ओढे लागतात, पावसात मी दारात बसून राहते. तू हे बंद पाडणार का? मी म्हणालो, जमीन वाईट आहे. ती म्हणाली, मग चांगली करायला सांग ना. आणि गेली. बायका वस्तुस्थिती समजून घेत नाहीत.

बाराला धोंडीबाई भाकर आणि उडदाचे भुजे घेऊन आली. पित्त होते म्हणून उपोषण स्थगित. करण जीपमधून चालला होता, त्याने दोघांना घरापर्यंत सोडले. मी मागे बसलो, तोंड बाहेर करून.

२ ऑक्टोबर, शनिवार. सभेला निघण्यापूर्वी.

आज रिपोर्ट. धुतलेले धोतर. भाषण पाठ आहे. सुरुवात: ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आज दूध का दूध होणार आहे.’ सुदर्शनलाही येऊ दे म्हटले. बापाला ओळखेल.

२ ऑक्टोबर. सभेनंतर.

जसे झाले तसे लिहितो. कोणी दुसरे काही सांगेल.

करणने रिपोर्ट वाचला. एक ते पाच नंबर: शिसे आहे, रंगातले. वरचा दीड फूट थर काढून नेला, परत तपासले आणि ठीक आले तर जागा वापरता येईल. सहा नंबर: बाकीच्यांच्या वीसपट. करणचा चेहराच उतरला होता. म्हणाला, एवढे निघेल असे आम्हाला वाटले नव्हते. अशी एक जागा आत असेल तर अजून किती असतील कोण जाणे. संस्था माघार घेते. वसतिगृह इथे होणार नाही.

सुदर्शनने मान खाली घातली. जयवंतीबाई रिपोर्ट हातात घेऊन परत परत सहाव्या ओळीवर बोट ठेवत होत्या.

म्हणजे मी जिंकलो होतो. इथे खाली बसून राहिलो असतो तरी चालले असते, हे आता कळते. पण सहावी पुडी वीसपट? माझ्या खळ्याची माती वीसपट? हा सरळ माझ्या घरावर आरोप होता.

उठलो. सांगितले, हा रिपोर्ट खोटा आहे आणि मी सिद्ध करतो. सहा नंबरच्या पुडीत फॅक्टरीची माती नव्हतीच. मी माझ्या हाताने माझ्या खळ्याची माती भरली होती. ज्या खळ्यावर तुम्ही सगळे दरसाल भात झोडता, ते खळे! आता बोला, लॅब खरी की खळे?

टाळीसाठी थांबलो.

बुध्या उभा राहिला. नेहमीसारखा हसत नव्हता. म्हणाला, दादा, खळ्यातली माती तूच न् मीच भरून आनली ना रं? टाकीच्या मागच्या ढिगातून. मालक म्हनत होता, कोनी बघायच्या आत उचला.

पहिल्यांदा लोक हसले. खूप हसले. पोशेऱ्याचा एक जण भिंतीला टेकून हसत होता. मग आमच्या पाड्यातली एक बाई हसायची थांबली, मग दुसरी. पाच घरे होती ती. आठ वर्षे झोडणी, पाखडणी. सुपातून उडालेली धूळ सगळी त्याच खळ्याची.

निशा उठली आणि बाहेर गेली. टीनाला घरी एकटीच ठेवले होते. खळ्यावर खेळत होती.

मी म्हणालो, शेणाने सारवलेले आहे. कोणी ऐकले नाही.

३ ऑक्टोबर, रविवार.

निशा सकाळच्या गाडीने टीनाला जामसरला घेऊन गेली. सोमवारची वाट न बघता. जाताना पाया पडली, पण उंबऱ्याच्या आतून, खळ्यावर उतरली नाही. टीनाला कडेवर घेऊन कडेकडेने गेली. सहा वर्षांची पोरगी कडेवर. पाय लोंबत होते.

सुदर्शनने भिंतीवरचा सूर्य ओल्या फडक्याने पुसला, फडके प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले.

करणने फॅक्टरीतल्या सहा नंबरच्या जागेवरून परत माती घेतली. जयवंतीबाई स्वतः उभ्या होत्या. साक्षीदार म्हणून मला बोलावले नाही. पेटी त्यांच्या घरी ठेवली.

१२ ऑक्टोबर, मंगळवार.

आरोग्य केंद्राची गाडी आली. पाच घरांतल्या एकोणीस जणांचे रक्त घेतले, मुंबईला पाठवणार. समितीचा अध्यक्ष म्हणून मी पहिला नंबर लावला होता. नर्स म्हणाली, आधी लहान मुले, आजोबा. शेवटी बसलो. टीनाचे जामसरला घेतले म्हणे. रडली नाही म्हणे.

जुने धान्य तीन पाण्यांनी धुवून खायचे, असे सांगितले. नवे धान्य या खळ्यावर आणायचे नाही.

मी डॉक्टरांना विचारले, एवढे विष असते तर आम्ही जिवंत कसे? ते म्हणाले, आजोबा, हे हळूहळू काम करते. मोठ्यांचे पोट दुखते, हात बधिर होतात, कोणी मनावर घेत नाही. मुलांचे डोके मंद होते. ते उशिरा कळते.

टीनाला अक्षर ओळखता येत नाही, ते बालवाडीची बाई येत नाही म्हणून. ते निशा स्वतः म्हणाली होती. ते वेगळे.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.

सहा नंबरचा दुसरा रिपोर्ट आला. बाकीच्या पाचांपेक्षाही कमी. स्वयंपाकघराची जागा सगळ्या आवारात चांगली निघाली. मला कळायला हवे होते, पपईला तीन फळे धरली आहेत. संस्थेने माघार मागे घेतली. जयवंतीबाईंनी लिहून घेतले आहे: आधी थर काढायचा, मग तिसऱ्यांदा तपासायचे, रिपोर्ट चावडीवर वाचायचा, मगच पाया. ओढ्याकडची बाजूसुद्धा. अटी चांगल्या आहेत. माझ्याच मनातल्या आहेत.

काढायच्या जागांची यादी केली. पहिला नंबर: लाडक्याचे, म्हणजे माझे, खळे. सर्वांत जास्त दूषित म्हणून. फॅक्टरीच्या आधी आम्ही.

बुध्याच्या दारात नवे खळे करायला घेतले. दगड-गोटे, लव्हाळ्याच्या गाठी. चार दिवस चोपतात तरी सपाट होत नाही. मी ओसरीवरून बघितले, उतार चुकला आहे. सांगणार होतो. धोंडीबाई शेणाची पाटी घेऊन सारवायला गेली. मी म्हणालो, कुठे निघालीस? ती म्हणाली, झोडायला जागा नको का? आणि परत येऊन म्हणाली, मुंग्या आहेत तिथे. बरे वाटले बघून.

१० नोव्हेंबर. वाघबारस.

आज खळे काढले. चार माणसे, तोंडाला फडकी, हातात रबराचे मोजे. पहार लागेना इतके घट्ट. त्यांचा मुकादम म्हणाला, कोणी बनवले हो, काय काम आहे! तीन महिन्यांत मला कोणी चांगले बोललेले हे पहिले वाक्य.

दोन फूट खाली आमची जुनी काळी माती लागली. तिच्यावरचा थर पिवळा, पापडासारखा. ताडपत्री झाकून ट्रक गेला. कुठे नेणार ते विचारले. तळोज्याच्या बाजूला अशा मातीसाठी सरकारी खड्डा आहे म्हणाले. ट्रक त्या रस्त्याला लागेपर्यंत बघत होतो. या वेळी संशय नव्हता. नुसते बघत होतो.

बुध्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याला म्हणालो, तुझ्याही लक्षात आले नाही ना रे आठ वर्षांत? म्हणाला, दादा, आपल्याला फुकट काही मिळतं कवा? मिळालं तर विचारत नाय बसत मानूस. मग तंबाखू मळून अर्धी मला दिली.

संध्याकाळी वाघोबाला नारळ गावाने दिला. दरवर्षी मी फोडतो. या वर्षी पाड्यातल्या तुकाने फोडला. खोबरे कडवट होते, असे मला वाटले. इतरांनी खाल्ले.

२८ नोव्हेंबर, रविवार.

बुध्याच्या खळ्यावर झोडणी चालू. देखरेखीला गेलो. समितीचा अध्यक्ष म्हणून. बसायला दगड शोधत होतो, बुध्याच्या बायकोने, सखीने, हातात सूप दिले आणि म्हणाली, भाऊजी, हातही चालू द्या. पाखडले. नऊ सुपे. कंबर धरली. इतके दाणे आणि इतक्या मुंग्या मी कधी एका जागी बघितल्या नव्हत्या. एक पायावर चढून चावली. कोणाला सांगितले नाही.

१८ डिसेंबर, शनिवार.

रक्ताचे रिपोर्ट आले. जयवंतीबाईंनी प्रत्येकाच्या घरी जाऊन दिले, चावडीवर वाचले नाहीत. आमच्याकडे शेवटी आल्या.

एकोणीस जणांत सगळ्यांत कमी माझे. मी म्हणालो, बघा! धोंडीबाई चुलीपुढून म्हणाली, तुमचं कमीच असणार. झोडलं आम्ही, पाखडलं आम्ही, सारवलं आम्ही. तुम्ही ओसरीवर बसून सांगायचे, नीट करा. तिचे माझ्या चौपट आहे. बुध्याचे तीनपट.

टीनाचे सगळ्यांत जास्त.

डॉक्टरांनी लिहिले आहे की वेळेवर कळले. माती बंद झाली, आता दूध, अंडी, पालेभाजी द्यायची, तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, हळूहळू उतरेल. पुडी गेली नसती तर कळले नसते, असे जयवंतीबाई जाताना म्हणाल्या. हे त्यांनी माझ्या बाजूने म्हटले की विरुद्ध, यावर बराच विचार केला. बाजूने लिहून ठेवणार होतो. न ठरवता तसेच राहू देतो.

१९ डिसेंबर, रविवार.

सुदर्शन, निशा, टीना आली. आली म्हणजे ओसरीपर्यंत. खळ्याच्या जागी अजून खड्डा आहे, मुरूम यायचा आहे. टीनाने विचारले, आजा, खड्डा का खणला? मी म्हणालो, समितीच्या कामासाठी. ती म्हणाली, आई म्हणते, तू वाईट माती आणली होती. निशा मागून ओरडली, टीना! मी म्हणालो, हो. आणली होती. माहीत नव्हते मला. तिने बराच वेळ खड्ड्याकडे बघितले आणि विचारले, मग आता काढली ना? काढली, म्हणालो. मग ठीक आहे, म्हणाली, आणि धोंडीबाईकडे अंडे खायला गेली.

जेवणे झाल्यावर निशाने वसतिगृहाचा फॉर्म काढला. जागेचा तिसरा रिपोर्ट चांगला आला आहे, पुढच्या आठवड्यात पाया. साठ जागांना दोनशे अर्ज आहेत, आजच भरायला हवा. सुदर्शनने नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, निशाने फोटो चिकटवला. माझे आक्षेप तयार होते. पाणी कुठले, वॉचमन कोण, शेडचे पत्रे कुठे पुरले, पोरीला घरची आठवण आली तर काय. चष्मा लावून समोर बसलो होतो. दोघांनी सह्या केल्या, फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला.

मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर हो म्हणालो असतो.